पाचवा दिवस जवळजवळ फुकट!

मंडळी, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा अजूनही गोंधळ उडतो, त्यामुळे या लेखातले मोठे आकडे मी अंकांतच लिहिले आहेत. सांभाळून घ्या. खरं तर मराठी विभागाकडून 'प्रवासवर्णन दे' अशी मागणी होती. पण प्रवासवर्णन म्हटलं की विमानाच्या खिडकीतले ढग आलेच, आणि ढगांवर आपल्या अंकात दरवर्षी कुणीतरी लिहितंच. म्हणून मी फक्त एका प्रश्नावर लिहिणार आहे. या प्रश्नावरून आमच्या घरी दोन महिने पुणे ते अटलांटा फोनाफोनी चालली होती. प्रश्न असा, की डिस्ने वर्ल्डला किती दिवस जायचं?

हसू नका. 'नशीब काढलंय, वर किती दिवस म्हणून विचारतेय' असं हॉस्टेलवर ऐकून झालंय. पण आपल्यापैकी निम्म्यांचे काका-मामा-दादा तिकडे आहेत, उरलेले जीआरई देऊन स्वतःच जाणार आहेत, आणि मग एक दिवस आई-बाबा येणार आहेत. तेव्हा हा हिशोब कधी ना कधी सगळ्यांनाच करायचाय. तो मी केला, अगदी एक्सेलमध्ये, रंगबिरंगी केला, आणि साफ चुकले.

आधी पार्श्वभूमी. माझा काका अटलांटाला असतो. आजोबा २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. काकाला येता आलं नाही. नंतर व्हिसाच्या शिक्क्याचं लांबत गेलं आणि तीन वर्षं तशीच गेली. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये माझी सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर आम्हीच निघालो: आई, बाबा, मी, तेरा वर्षांचा भाऊ आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आजी. तिकडे काका, काकू आणि नऊ वर्षांची चुलत बहीण. एकूण आठ डोकी. बाबांची रजा तीन आठवडे. काकाला मात्र शनिवार-रविवार धरून सलग नऊच दिवस मिळत होते, बाकीचे दिवस तो सकाळी आठला जाऊन संध्याकाळी सातला येणार. 'आलाच आहात तर डिस्ने करूनच या' असं सगळं जग म्हणत होतं. प्लॅनिंग माझ्याकडे आलं. कारण काय, तर मी इंजिनिअरिंगला आहे. याच कारणासाठी घरातला मिक्सरही माझ्याकडेच येतो.

आपली मुळात सवय एका दिवसाची. शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती तेव्हा पहाटे पाचला बस, गोराईची बोट, दिवसभर धुडगूस आणि रात्री घरी. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, तिथेही आपण पुण्याहून सकाळी जातो आणि रात्री परत येतो. त्यामुळे बाबांचं पहिलं उत्तर होतं, "एक दिवस पुरे की. फार तर दोन."

त्यावर मी बाबांना भूगोल शिकवला. डिस्नेचं पहिलं पार्क, कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमचं डिस्नेलँड, १९५५ साली उघडलं. जागा अवघी १६० एकरांच्या आसपास. पार्क तुफान चाललं, पण त्याच्या कुंपणाला लागून भलत्यांचीच मोटेलं आणि दुकानं उभी राहिली. माणसं डिस्नेकडे यायची आणि झोपायला दुसऱ्यांकडे जायची. वॉल्ट डिस्नेला हे फार खटकलं. म्हणून फ्लोरिडात ओरलँडोजवळ जमीन घ्यायची वेळ आली तेव्हा वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून गुपचूप खरेदी झाली, म्हणजे भाव चढायला नकोत. अशी जवळजवळ २७,००० एकर जमीन जमवली. म्हणजे १०० चौरस किलोमीटरच्या वर! वॉल्ट डिस्ने १९६६ मध्येच गेला. पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, त्याचा मोठा भाऊ रॉय याने १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. मग १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज ज्याला हॉलिवुड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क्स आणि वीसच्या वर हॉटेलं. म्हणजे 'अजून एक दिवस राहा' हे त्या जागेच्या नकाशातच लिहिलेलं आहे. दर नव्या पार्काबरोबर सुट्टीचा आणखी एक दिवस तयार झाला. प्रॉडक्शनची विद्यार्थिनी म्हणून सांगते, मला या माणसांबद्दल प्रचंड आदर आहे.

बाबा चार दिवसांवर आले. चार पार्क्स, चार दिवस. कुणालाही पटेल.

आणि इथे माझ्या हुशारीने घात केला. तिथल्या तिकिटाची रचना अशी असते की दिवस वाढवाल तसा दर दिवसाचा भाव उतरतो. पहिल्या दिवसाला १०० डॉलरच्या वर लागतात, पण चौथ्यावरून पाचव्यावर जाताना वाढीव रक्कम त्या मानाने किरकोळ वाटते. २०१८ पासून भाव तारखेप्रमाणेही बदलतात, ती भानगड वेगळीच. मी अर्थातच 'मार्जिनल कॉस्ट' नावाचा रकाना केला, त्यात पाचव्या दिवसाचा आकडा हिरवा केला आणि बाबांना म्हटलं, "पाचवा दिवस जवळजवळ फुकट आहे!" फुकट म्हटल्यावर मराठी माणूस काय करणार? पाच दिवस ठरले. जायला एक, यायला एक. अटलांटा ते ओरलँडो गाडीने सात तासांच्या आसपास, पण आजी आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर असली की दहा धरायचे. झाले सात. काकाच्या नऊ दिवसांतले उरले दोन.

फोनवर मी हे सगळं एखाद्या प्रेझेंटेशनसारखं वाचून दाखवलं. आजीने विचारलं, "मग त्याच्या घरी कधी बसायचं?" मी म्हटलं, "अगं आजी, आपण तिथे तीन आठवडे आहोत!" ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

आता मार्जिनल कॉस्टबद्दल. आपण पेपरात व्याख्या लिहितो, मार्क घेतो आणि विसरतो. तिकिटाचा वाढीव भाव हा त्या दिवसाचा वाढीव खर्च नव्हेच. आठ माणसांचं जेवण आहे, खोल्यांचं भाडं आहे, पार्किंग आहे. आणि हे सगळं दिवसागणिक तेवढंच राहतं, उतरत नाही. एक खर्च तर उलट चढत जातो, तो म्हणजे पायांचा. पहिल्या दिवशी दहा किलोमीटर चालणं वेगळं आणि पाचव्या दिवशी दहा किलोमीटर चालणं वेगळं. माझ्या शीटमध्ये पायांना रकानाच नव्हता.

पहिला दिवस, मॅजिक किंगडम. आम्ही स्वस्त पडतं म्हणून बाहेरच्या हॉटेलात राहिलो होतो, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या. गाडी लावली म्हणजे पोचलो असं तिथे नसतं. पार्किंग तळ्याच्या अलीकडे, पार्क तळ्याच्या पलीकडे. मधे मोनोरेल नाहीतर बोट. हॉटेलच्या दारापासून पहिल्या राइडच्या रांगेपर्यंत आम्हाला दीड तास लागला. परत येताना त्याहून जास्त, कारण रात्रीची आतषबाजी संपल्यावर सगळं पार्क एकदम उठतं. खोलीवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दिवसभरात राइड्स झाल्या सात. मी वेळ लावला होता (हो, लावला होता, हसा) आणि प्रत्यक्ष राइडवर बसलेला वेळ सगळा मिळून अर्ध्या तासाच्या आसपास भरला.

रांगांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये आपल्याला लिटल्स लॉ आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. समजा एखादी राइड तासाला १५०० माणसं रिचवते आणि पाटीवर ६० मिनिटं लिहिलंय, तर तुमच्यापुढे १५०० माणसं उभी आहेत. एवढं सोपं. पैसे भरून दुसऱ्या, छोट्या रांगेत जायची सोय आहे. आम्ही गेलो तेव्हा तिचं नाव जिनी प्लस होतं, जुलै २०२४ पासून लायटनिंग लेन मल्टी पास झालं. पण राइडची क्षमता तेवढीच राहते, त्यामुळे छोट्या रांगेतला माणूस पुढे गेला की मोठ्या रांगेतला तेवढाच मागे सरकतो. पुण्यातल्या देवळांत व्हीआयपी दर्शनाची रांग असते तेव्हा काय होतं ते आठवा. यावर खरा उपाय एकच, उघडायच्या आधी दारात हजर राहणं. पहिल्या दीड तासात जे होतं ते दुपारच्या चार तासांत होत नाही.

आणि दुपार! फ्लोरिडातला जून म्हणजे मुंबईचा मे, वर रोज दुपारी वळवाचा पाऊस. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात आणि सगळे दुकानांत घुसतात. तिथे आत हॉटेल असलेले लोक दुपारी खोलीवर जातात, झोपतात, पोहतात आणि संध्याकाळी ताजेतवाने परत येतात. बाहेर राहणाऱ्याला हे परवडत नाही, कारण जाण्यायेण्यातच संध्याकाळ होते. तेव्हा बाहेरच्या हॉटेलात वाचवलेले पैसे दुपारच्या झोपेतून वळते होतात, हेही शीटमध्ये नव्हतं.

दुसरा दिवस एपकॉट. तिथे एका तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. आजीने नॉर्वेपर्यंत विचारलं, "आपलं कुठाय?" आपलं नाही. हे कळल्यावर तिचा उरलासुरला रस गेला. चीनच्या आधी ती एका बाकावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा, मी इथे आहे." व्हीलचेअर भाड्याने मिळत होती. आईने दोनदा विचारलं, "आई, तुमच्यासाठी आणू का खुर्ची?" आजी म्हणाली, "मला काय झालंय?" मग एक जण तिच्यापाशी आणि बाकीचे पुढे, अशी पाळी लावली. माझी पाळी आली तेव्हा मी बाकावर बसून पुढचं वेळापत्रक दुरुस्त करत होते. त्या दिवशीचा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच. आजीने मला चपलेचा पट्टा सैल करून द्यायला सांगितलं, तेव्हा तिचा पाय बघितला. घोटा दिसतच नव्हता, इतका सुजला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाचा गजर झाला आणि मी सोडून कुणीही उठलं नाही. मी भावाला हलवलं, चुलत बहिणीला हलवलं. ती 'नो' म्हणून भिंतीकडे वळली. मी बाबांना म्हटलं, "बाबा, आठ तिकिटं वाया जातायत!" बाबा डोळे न उघडता म्हणाले, "जाऊ देत." मी रडले. आता लिहिताना लाज वाटते, पण खरंच रडले. पैसे आधीच गेलेले असतात, तुम्ही फरपटत गेलात तरी ते परत येत नाहीत. सगळ्यांना फरपटत नेण्याचा हिशोब 'हुशार' कसा काय असतो? सन्क कॉस्ट हा धडा मी सेमिस्टरला ऑप्शनला टाकला होता, तो असा भेटला.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दहाला उठलो. काकूने आणि आईने पिठलं-भात केला. मुलं हॉटेलच्या छोट्या तलावात चार तास डुंबली, आणि माझा भाऊ आजही त्या चार तासांबद्दल जितकं बोलतो तितकं कुठल्याही राइडबद्दल बोलत नाही. आजी गॅलरीत पाय वर करून बसली होती आणि काका तिच्या शेजारी जमिनीवर. मी पाणी द्यायला गेले तेव्हा ती त्याला आजोबांचे शेवटचे आठ दिवस सांगत होती. ऑक्सिजनसाठी कुठे कुठे फोन केले, कोण आलं, कोण नाही आलं. आमच्या घरी हे पुन्हा कुणी बोलत नाही. काका मधेच विचारत होता, "मग आई, तू जेवत होतीस का?" मी पाणी ठेवून आत आले. दुपारचा पाऊस आला आणि गेला, तरी ते दोघं तिथेच होते.

माझ्या शीटमध्ये तो दिवस लाल आहे. 'उपयोग: शून्य.'

चौथ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम, आणि तो आमचा सगळ्यात चांगला दिवस. एक तर सगळे झोपलेले होते. दुसरं म्हणजे काकाने आजीला काय सांगितलं कोण जाणे, ती निमूट व्हीलचेअरवर बसली. सकाळच्या पहिल्या सफारीत गेलो, तेव्हा जनावरं उन्हाने झाडाखाली गेलेली नसतात. हत्ती, जिराफ, सगळं दिसलं. आणि तिथे आशिया भागात आनंदपूर नावाचं एक काल्पनिक गाव आहे, थोडं भारत, थोडं नेपाळ. भिंतींचे पोपडे उडालेले, रंग विटलेले, वायरी लोंबतायत. आजीने बारकाईने बघितलं आणि विचारलं, "हे मुद्दाम केलंय?" काका म्हणाला, "हो आई, मुद्दाम." "पैसे खर्च करून?" "हो." आजी इतकी हसली की बाजूचे गोरे लोक वळून बघायला लागले. दोन वाजता आम्ही बाहेर पडलो. मी वेळापत्रक काढलंसुद्धा नाही.

पाचवा, तो 'फुकट' दिवस, भावाच्या स्टार वॉर्ससाठी हॉलिवुड स्टुडिओजला दिला. पाचच जण गेलो. आजी, काका आणि आई खोलीवर. म्हणजे आठ माणसं गुणिले पाच दिवस, एकूण ४० दिवसांची तिकिटं. वापरली २९. बाकी ११ माझ्या नावावर जमा.

आता माझं मत. 'गेलोच आहोत तर सगळं बघून घेऊ' हे आपलं जे ब्रीदवाक्य आहे ना, ते दिवस ठरवायला अत्यंत निरुपयोगी आहे. सगळं बघून होत नाही. त्या जागेची रचनाच तशी आहे, दर काही वर्षांनी नवीन काहीतरी उघडतंच. आणि पार्क्स चार म्हणून दिवस चार, हेही गणित चुकीचंच. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कमकुवत कडीएवढी. तुमच्या गटात जो सगळ्यात लवकर दमतो, त्याला दिवसाला किती तास झेपतात ते आधी विचारा. विचारा म्हणजे खरंच विचारा, 'झेपेल ना गं?' असं नाही, कारण त्याला आपल्या आज्या 'हो' म्हणतात. मग त्या तासांवरून दिवस काढा. आमच्यासारख्या आठ जणांच्या गटाला माझं उत्तर आहे तीन दिवसांचं तिकीट, आणि मधे एक मोकळा दिवस जो आधीपासून मोकळा म्हणूनच लिहिलेला असेल. जास्त दिवसांचं तिकीट सलगच वापरलं पाहिजे असं नसतं, मधे खंड घ्यायला मुभा असते. ती त्यांनी उगाच ठेवलेली नाही. दोन दिवसांत उरकू नका, कारण पहिला दिवस नकाशा समजण्यातच जातो.

आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "आम्ही चौघं मित्र गेलो तर?" तर जा की पाच दिवस, सहा दिवस, दार उघडायच्या आधी उभे राहा आणि दार लागेपर्यंत हिंडा. विशीतली चार माणसं हा वेगळा प्रॉब्लेम आहे, त्याला माझी जुनी शीट चालेल. ती मी कुणालाही देईन, पेनड्राइव्ह घेऊन या. पण आई-बाबांना नेणार असाल, आणि तिथे तुमचा कुणी दादा किंवा मावशी रजा काढून तुमच्याबरोबर येणार असेल, तर त्या माणसाची रजा किती आहे ते पहिल्या ओळीत लिहा. तिकिटाचा भाव दुसऱ्या ओळीत.

उरलेल्या दोन दिवसांतला एक दिवस अटलांटात कपडे धुण्यात गेला. दुसऱ्या दिवशी काका आजीला घेऊन किराणा आणायला गेला आणि दोघं चार तासांनी परत आले. काय आणलंत म्हणून विचारलं, तर पिशवीत फक्त कोथिंबीर आणि दूध होतं.